वैशाखातलं उड्डाण

हे चित्रण एका पोरानं काढलं आहे. धुऱ्यावर बकऱ्या चारत होता, विमान दिसलं म्हणून मोबाइल वर धरला. मे महिना, दुपारचा दीड.

विमान पळत येतंय. चाकं सुटली. आता बघा, पुरुषभर उंचीवर ते तरंगतंय, पण वर जात नाही. डांबर संपलं, धुरा ओलांडला, आणि नांगरलेल्या वावरात...

हा पंखा. पात्यांची टोकं पुढच्या बाजूला वळली आहेत. पंखा जोरात फिरत असताना जमिनीला घासला की पाती अशी वळतात. म्हणजे इंजिन बंद पडलं नव्हतं.

गावात बोलणं एकच, पायलट शिकाऊ होता. आम्हाला त्या दिवसाच्या उन्हाबद्दल बोलायचं आहे.

हवा तापली की विरळ होते. मग पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाची ताकद घटते, पुढच्या पंख्याची ओढही कमी पडते. तिन्ही एकाच वेळी. उदाहरणाला यवतमाळ घ्या. समुद्रसपाटीपासून उंची साधारण 1,450 फूट. पारा 45 अंशांवर गेला की तिथली हवा विमानाला 5,400 फुटांवरच्या हवेसारखी लागते. कळसूबाईचा माथा एवढाच उंच आहे! विमान उभं असतं आपल्या कपाशीच्या मुलखात, आणि धावतं जणू त्या माथ्यावरून. अशा हवेत त्याला धावपट्टी कितीतरी जास्त लागते.

मग ते उचललं तरी कसं? जमिनीलगत पंखांना जास्तीचा आधार मिळतो. त्या आधारावर विमान सुटतं, पण थोडं वर गेलं की आधारही सुटतो. मघाशी ते तरंगताना दिसलं, ते हेच.

विमानातल्या दोघांना मार लागला, दोघंही वाचले. वावराचा पंचनामा झाला, भरपाई अजून नाही.

हा विंडसॉक, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी. तिची चिंधी झाली आहे. इथं टॉवर नाही, पारा किती चढला ते सांगणारं माणूस नाही. आग लागली असती, तर बंब तालुक्याहून यायचा होता. एक थर्मामीटर, एक धड विंडसॉक आणि वैशाखात सकाळी दहानंतर उड्डाणं बंद, एवढं तरी इथं व्हायलाच हवं.

ही त्यानंतरच्या आठवड्यातली सकाळ. साडेसहा वाजलेत, पारा 28 वर. तीच धावपट्टी, तसंच विमान. वावरात चाकांचे चर अजून तसेच आहेत.

अर्ध्या पट्टीतच चाकं सुटली.