नोट कुणाची, देणं कुणाचं

मंडळी, बेळगावात इटलीच्या युद्धाबद्दल बोलायला प्रस्तावना लागत नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून आपल्या कॅम्पात आहे. वरच्या तिबर खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी यशवंत घाडगे लढले, सेनिओ नदीवर ९ एप्रिल १९४५ रोजी नामदेव जाधव लढले. दोघांचेही व्हिक्टोरिया क्रॉस या सभागृहात पुष्कळांना तारखेसह पाठ असतील. मला बोलायचं आहे ते या पलटणींच्या जवानांना तिथे मिळालेल्या कागदी नोटेबद्दल. युद्धात दुसऱ्याच्या मुलखात शिरलेली सत्ता तिथे जी मदत करते, तिचा खरा हिशेब त्या नोटेत सापडतो. शेवटी ग्रीस, फ्रान्स आणि आपला देश असं सगळं घेणार आहे, पण आधी नोट.

सिसिलीवर दोस्त सैन्य १० जुलै १९४३ ला उतरलं. सुरुवातीला ब्रिटिश लष्करी नोटा आणि पिवळ्या शिक्क्याचे, म्हणजे सैन्यासाठी वेगळे छापलेले, डॉलर चालवले. पाठोपाठ बोस्टनच्या फोर्ब्स लिथोग्राफ कंपनीत छापलेल्या नोटा विमानानं आल्या. १, २, ५, १०, ५०, १०० आणि पुढे ५०० व १००० लिरा. नोटेवर कुठल्या बँकेचं नाव नाही, कुणाची सही नाही, मोबदल्यात अमुक देईन असं वचन नाही. पाठीवर मात्र चार स्वातंत्र्यं इंग्रजीत छापलेली: भाषणाचं, धर्माचं, अभावापासूनचं आणि भीतीपासूनचं. ज्या गावात पाव मिळत नव्हता तिथे अभावापासून स्वातंत्र्य छापलेली नोट पोचली. मला हे अजून बोचतं.

आता ही नोट फिरायची कशी ते बघा. लष्करी रोखपालाकडून पलटणीला नोटांचे गठ्ठे मिळत. जवानाच्या पगारपत्रकात त्याच्या स्वतःच्या चलनात रक्कम वजा होई आणि हातात लिरा पडत. तो बाजारात द्राक्षं, अंडी, दारू, एखादा रुमाल घेई. दुकानदार नोट बँकेत भरी, आणि तिथून ती इटलीच्या सरकारच्या गळ्यात पडे. सप्टेंबर १९४३ च्या अखेरीस सही झालेल्या, इटलीच्या शरणागतीच्या सविस्तर कराराचं तेविसावं कलम काढून वाचा. सैन्याला लागेल तेवढं इटालियन चलन सरकारनं पुरवायचं, आणि दोस्तांनी छापलेल्या नोटाही त्यानंच आपल्या चलनात बदलून परत घ्यायच्या. लंडन-वॉशिंग्टनच्या खजिन्यातून पगाराचे पौंड आणि डॉलर बाहेर पडलेच नाहीत. माल इटलीतून उचलला आणि उधारी दुकानदाराच्याच नावावर लिहिली.

इथपर्यंतही एक वेळ चालून गेलं असतं. घोटाळा दरात झाला. १९३६ मध्ये डॉलरला १९ लिरा पडत. १९४३ मध्ये दर ठरला डॉलरला १०० आणि पौंडाला ४००. पाढे पाठ असलेल्यांनी हात वर करा: पौंडाचे १३ रुपये ५ आणे ४ पै, तर रुपयाचे लिरा किती? तीस, बरोबर. अमेरिकन साध्या शिपायाचा मूळ पगार महिना ५० डॉलर होता, म्हणजे ५,००० लिरा. एवढी खरेदीशक्ती रिकाम्या दुकानांवर एकदम कोसळली तर काय होईल? शिपायाला सगळं स्वस्त वाटतं, तो उचलतो, भाव चढतात. भाव चढले की शेतकरी सरकारी कोठाराला धान्य देत नाही, कारण सरकारी भाव जुनाच असतो. कोठार रिकामं म्हणजे रेशन अपुरं, आणि मग माणसं काळ्या बाजारात जातात. ज्यांचा पगार गोठलेला आहे, म्हणजे शिक्षक, कारकून, पेन्शनर, ते आधी मरतात. पहिला दर चुकला की ही साखळी रेशन कार्ड वाटून तुटत नाही. आपल्याकडे लेव्हीच्या, म्हणजे सरकारी भावानं सक्तीच्या धान्यवसुलीच्या, काळात खानापूरच्या भात-उत्पादकांनी काय केलं, हे इथल्या जुन्या मंडळींना सांगायला नको.

मदत आलीच नाही असं मी म्हणत नाही. गव्हाची जहाजं आली. नेपल्समध्ये १९४३-४४ च्या हिवाळ्यात टायफसची, म्हणजे उवांमुळे पसरणाऱ्या तापाची, साथ डीडीटी या कीटकनाशकाच्या भुकटीनं आटोक्यात आली, हे त्या युद्धातलं खरोखर मोठं काम आहे. पण किती पाठवायचं, याची लष्करी मोजपट्टी अशी होती: रोगराई आणि अशांतता माजून लढाईत अडथळा येणार नाही, इतकंच. आणि तो मालही इटलीच्या नावे हिशेबात मांडला जाई. शेवटी १० ऑक्टोबर १९४४ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी जाहीर केलं की अमेरिकन सैनिकांच्या पगारापोटी वाटलेल्या लिरांइतके डॉलर इटलीला देऊ. त्यातून इटलीला गहू-कोळसा विकत घेता येऊ लागला. माझ्या मते खरी मदत त्या दिवशी सुरू झाली, आणि ती स्वतःच्या सैन्याच्या खर्चाची भरपाई होती.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं. तेव्हा कबूल केलेलं भरभर सांगतो.

कुठल्याही व्यापलेल्या देशात तीनच प्रश्न विचारा: चलन कोण छापतं, दर कोण ठरवतं, परत घेण्याचं देणं कुणाच्या डोक्यावर. फ्रान्स, १९४०: दर मार्कला २० फ्रँक, आणि जर्मन सैन्याचा 'खर्च' म्हणून रोज ४० कोटी फ्रँक. जर्मनांनी छापलेल्या लष्करी मार्कच्या नोटा खुद्द जर्मनीत चालत नव्हत्या. ग्रीस, १९४१-४४: व्यापणाऱ्या सैन्याच्या खर्चावर आणखी सक्तीचं कर्ज. जर्मनांच्याच हिशेबानं अखेरची बाकी ४७.६ कोटी राइखमार्क, म्हणजे जर्मन मार्क. १९४१-४२ च्या हिवाळ्यात अथेन्समध्ये माणसं रस्त्यावर मेली. त्यानंतर स्वीडिश जहाजांतून कॅनडाचा गहू, महिना १५,००० टन, आला तेव्हा जगणं शक्य झालं. हा गहू व्यापणाऱ्यांचा नव्हता. नोव्हेंबर १९४४ मध्ये ५० अब्ज जुन्या द्राख्म्यांची एक नवी द्राख्मा करावी लागली.

आणि आपण. भारत कायद्यानं व्यापलेला देश नव्हता, वसाहत होता. पण हे तीन प्रश्न इथेही लागू पडतात. १९३९ च्या आर्थिक करारानुसार परदेशात लढणाऱ्या पलटणींचा बराचसा खर्च ब्रिटननं उचलायचा होता. तो उचलला गेला लंडनच्या वहीत. रिझर्व्ह बँकेच्या नावे तिथे स्टर्लिंगचे, म्हणजे ब्रिटिश पौंडातले, रोखे जमा होत आणि त्यांच्या तारणावर इथे रुपये छापले जात. म्हणजे इटलीतल्या जवानाच्या हातात होती इटलीनं फेडायची नोट, आणि खानापूर तालुक्यातल्या त्याच्या घरी येणारी मनीऑर्डर होती लंडननं पुढे कधीतरी फेडायच्या वचनावर छापलेल्या रुपयांची. चलनातल्या नोटा युद्धाच्या सुरुवातीला सुमारे १८० कोटी रुपयांच्या होत्या, अखेरीस १,२०० कोटींच्या वर गेल्या. घाऊक किमती दुपटीच्या पुढे गेल्या. १९४३ मध्ये बंगालच्या दुष्काळात काय झालं ते आपण जाणता.

युद्ध संपलं तेव्हा लंडनकडे आपली शिल्लक होती सुमारे १३० कोटी पौंड, म्हणजे १,७३३ कोटी रुपये. ती गोठवली गेली. जुलै १९४८ च्या करारात त्यातूनच इथे मागे राहिलेल्या लष्करी सामानाचे १० कोटी पौंड वळते झाले, आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या पेन्शनींसाठीही मोठी रक्कम कापली गेली. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाचं अवमूल्यन झालं, ४.०३ डॉलरवरून २.८० वर, तेव्हा उरलेल्या शिल्लकेची डॉलरमधली किंमत एका रात्रीत तीस टक्क्यांनी घटली. त्या व्यवहारात दर कोणी ठरवला, हा आपल्या तिनांतला दुसरा प्रश्न आहे, आणि त्यावर चर्चा व्हावी अशी माझी विनंती आहे. तुमच्यातून पहिला प्रश्न कोण विचारतंय?