बोर्ड गेलाय, मॅडम

लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलंय, पण ग्रँट रोडला उतरून ते नाव विचारलंत तर समोरचा आधी डोकं खाजवेल. पूर्वी इथे लोक रेडिओचे पार्ट शोधत यायचे, मग टीव्हीचे, मग कॉम्प्युटरचे. खाली रस्त्यावर चार्जर आणि केबल्स, आणि हा जिना चढून वर आलं की लॅपटॉप दुरुस्तीचं हे टेबल. मायक्रोस्कोप, हॉट एअर गन, कोपऱ्यात मेलेल्या बोर्डांचा ढीग.

हा लॅपटॉप घरून अकाउंट्सची कामं करणाऱ्या एका ताईंचा. वॉरंटी वर्षाची, ती संपली आणि थोड्याच दिवसांत मशीन बंद. सर्व्हिस सेंटरमध्ये आम्हाला कॅमेरा नेऊ दिला नाही, त्यामुळे तिथलं काही दाखवता येत नाहीये, फक्त हा कागद बघा. मदरबोर्ड रिप्लेस, 28,000 रुपये, जीएसटी वेगळा. बोर्डावर नेमकं काय गेलंय ते कागदावर कुठेच नाही, कारण ते शोधायची तिथे पद्धतच नाही, अख्खा बोर्ड बदलायचा आणि मोकळं व्हायचं.

इथे शोधतात.

चार्जरवरचा हा बारका दिवा बघा. पिन आत गेली की विझला, बाहेर काढली की परत लागला. म्हणजे बोर्डावर कुठेतरी डेड शॉर्ट, म्हणजे थेट शॉर्ट सर्किट आहे आणि चार्जर स्वतःला वाचवायला बंद होतोय. दुरुस्ती करणारे दादा काही बोलत नाहीत, मल्टिमीटर बझरवर टाकतात आणि एकेका कॉइलला टोक लावत जातात... हा आवाज आला ना, ती लाइन शॉर्ट. पण त्या एका लाइनवर कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे बारके पार्ट, डझनांनी असतात, त्यातला चोर कोण? मग पॉवर सप्लायवरून त्या लाइनला जेमतेम एक व्होल्ट द्यायचा आणि वरून आयपीए, म्हणजे सफाईचं अल्कोहोल, ओतायचं. सगळा बोर्ड ओला. आणि आता इथे, डावीकडे, प्रोसेसरच्या बाजूला, एकच ठिपका सगळ्यात आधी सुकतोय. करंट तिथून जातोय, तापतोय तोच.

मायक्रोस्कोपखाली तो असा दिसतो. तपकिरी, तिळाएवढा सिरॅमिक कपॅसिटर. बोर्डावर दाब आला, बोर्ड जरा वाकला, की याला तडा जाऊ शकतो. फ्लक्स, गरम हवा, चिमट्याने उचलला, आणि बझर गप्प. नवीन कुठून आणला? त्या ढिगातूनच, एका स्क्रॅप बोर्डवरून.

आता तो ढीग आलाच आहे तर त्यातले हे जुने बोर्डही बघून घ्या, मोठ्या ग्राफिक्स चिपवाले. 2008 मध्ये या चिप्स बनवणाऱ्या एनव्हिडियाने स्वतः जाहीर केलं होतं की लॅपटॉपमधल्या काही चिप्सच्या पॅकेजिंगमध्ये, म्हणजे चिपच्या बांधणीतच, दोष आहे, आणि त्यासाठी 15 ते 20 कोटी डॉलर बाजूला काढतोय म्हणून. त्या काळात चिपला नुसती हीट मारून लॅपटॉप चालू करून द्यायचे, थोडे दिवस चालायचा, मग परत काळा स्क्रीन. असे कारागीर याही धंद्यात आहेत, नाही म्हणण्यात अर्थ नाही. पण मूळ दोष कारखान्यातलाच होता ना! 2011 च्या मॅकबुक प्रोचंही तसंच, ग्राफिक्स जायचे, अमेरिकेत लोक कोर्टात गेले, आणि 2015 मध्ये ॲपलने वॉरंटी संपलेली मशीनसुद्धा फुकट दुरुस्त करून द्यायला घेतली. म्हणजे वॉरंटी संपली की विषय संपला असं काही नसतं.

दादांच्या स्क्रीनवर हा जो नकाशा दिसतोय, कुठला पार्ट कुठे, कुठल्या लाइनवर किती व्होल्ट, तो कंपनीने दिलेला नाही. हा हातोहात, पेनड्राइव्हवरून आलाय. जुलै 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने राइट टू रिपेअरसाठी, म्हणजे ग्राहकाच्या दुरुस्तीच्या हक्कासाठी, समिती नेमली, त्याच वर्षी 24 डिसेंबरला त्याचं पोर्टलही आलं. या टेबलावर नकाशा मात्र अजून पेनड्राइव्हवरूनच येतो.

पॉवर बटण... पंखा फिरला. लोगो. ताईंच्या फाइल्स जागेवर.

मधल्या दिवसांत ताईंच्या हातची दोन कामं गेली. वॉरंटीत असतानाच बिघाड दाखवला असेल तर तेव्हाची जॉबशीट, म्हणजे सर्व्हिस सेंटरने दिलेला तक्रारीचा कागद, जपून ठेवा, तक्रारीला तीच लागते, ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915.

बिल झालं 2,500. गॅरंटी तीन महिने, तोंडी. लेखी मागितली तर देतात, पण मागावी लागते.