मुलाच्या चिडचिडीमागे शिसं असू शकतं

नमस्कार श्रोतेहो. मूल एका जागी बसत नाही, पाठ केलेलं तासाभरात विसरतं, बारीकसारीक कारणावरून हात उगारतं. त्याला 'वाया गेलेलं' ठरवायची घाई नको. वडील जुन्या बॅटऱ्या फोडायच्या कामावर असतील किंवा घरात जुन्या ऑइलपेंटचे पोपडे सुटत असतील, तर आधी त्याच्या रक्तातलं शिसं तपासून घ्या.

मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात ते कॅल्शियमच्या इशाऱ्यावर. शिसं कॅल्शियमची जागा बळकावतं. मग कारण नसताना निरोपाचं रसायन झिरपत राहतं आणि खरा इशारा आला की पुरेसं सुटत नाही. शिकायला आणि लक्षात ठेवायला लागणारा 'एनएमडीए' ग्राहक, म्हणजे पेशीवरची निरोप झेलणारी जागा, शिशामुळे दबतो. डोपामाइन या निरोपाच्या रसायनाचाही तोल जातो. मनाला आवर घालणाऱ्या मेंदूच्या पुढच्या भागाला याचा मोठा फटका बसतो. अमेरिकेत सिनसिनाटीला जन्मापासून पाहणीत असलेल्या मुलांचा हा भाग, लहानपणी शिसं जास्त गेलं असेल तर, मोठेपणी लहान भरला.

रक्तातलं शिसं महिनाभरात निम्म्यावर येतं, पण हाडांत ते वर्षानुवर्षं दडून राहतं. गरोदरपणात तिथून परत रक्तात उतरतं आणि बाळापर्यंत पोचतं.

आपल्या नागपुरात मार्च लागला की कूलर बसवायची लगबग सुरू होते. खिडकीची जुनी चौकट कोरडीच खरवडली, की रंगातल्या शिशाची धूळ कूलर घरभर फेकतो. चौकट आधी ओली करा, मुलांना आणि गरोदर बाईला त्या दिवशी दुसरीकडे पाठवा, फरशी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, जास्त नको, हा नियम २०१७च्या नोव्हेंबरपासूनचा. त्याआधीच्या रंगाचा भरवसा धरू नका.

बॅटरीच्या कामावरचा शर्ट नीट पाहा. खिशाच्या शिवणीत करडी भुकटी बसलेली असते. कामावरच आंघोळ करून कपडे बदलावेत. घरी आणलेच, तर न झटकता वेगळ्या बादलीत धुवावेत. पितळी भांड्याला कल्हई करताना कथलात शिसं मिसळलं असेल, तर अंबाडीची भाजी किंवा कढी ते ओढून घेते. शुद्ध कथलाची खात्री नसेल, तर आंबट पदार्थ स्टीलमध्येच करा.

पोटात गेलेल्या शिशापैकी प्रौढाचं शरीर साधारण दहावा हिस्सा शोषतं, लहान मुलाचं जवळपास निम्मा. लोह कमी असेल किंवा पोट रिकामं असेल तर आणखी जास्त. म्हणून हिमोग्लोबिनही बघा आणि मुलाला उपाशी पोटी खेळायला सोडू नका.

नेहमीच्या रक्ततपासणीत शिसं कळत नाही, ती चाचणी वेगळी सांगावी लागते. रक्त शिरेतूनच द्या. बोट टोचून घेतलं आणि बोटावर धूळ असली तर आकडा फुगतो. डेसिलिटरमागे, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात, ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आलं, तर शिसं कुठून येतंय ते शोधा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याखालचं प्रमाणही निर्धोक नाही. शिसं बाहेर काढणारी औषधं मुलांना साधारण ४५च्या पुढे देतात. त्याखाली औषधाने आकडा उतरतो, पण बुद्धीवर झालेला परिणाम भरून निघाल्याचं दिसलेलं नाही. म्हणून आधी घरातली धूळ आणि भांडी बघा, मग डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा तपासा. आकडा चढलाच, तर शिसं अजून कुठून तरी येतंय.