धाक आणि ओढ : डार्क रोमान्स लिहिताना

नमस्कार, श्रोतेहो.

प्रौढ वाचकांसाठी लिहिल्या जाणाऱ्या ज्या प्रेमकथेला आज सर्रास ‘डार्क रोमान्स’ म्हटले जाते, तिच्या लेखनतंत्राविषयी मी आज बोलणार आहे. पळवून नेणारा, पाळत ठेवणारा, जुना सूड उगवायला आलेला किंवा एखाद्या टोळीचा म्होरक्या असलेला नायक, त्याच्या कह्यात सापडलेली नायिका आणि हे सगळे असूनही शेवटी प्रेम, असा या कथांचा सर्वसाधारण साचा असतो. इंग्रजीत या प्रकाराला मोठा वाचकवर्ग आहे आणि मराठीतही मोबाइलवर भागाभागांनी वाचल्या जाणाऱ्या कथांमधून तो चांगलाच रुळला आहे. अशा कथा लिहाव्यात की लिहू नयेत, या वादात मी शिरत नाही. कथेतली पात्रे आणि कथेचे वाचक दोघेही सज्ञान आहेत एवढे गृहीत धरून, हा प्रकार चांगला लिहिणे इतके अवघड का आहे, एवढेच मला तपासायचे आहे.

अवघड अशासाठी, की इथे एकाच माणसाविषयी वाचकाच्या मनात धाकही निर्माण व्हावा लागतो आणि ओढही, आणि या दोन भावना एकमेकींच्या मुळावर उठणाऱ्या आहेत. धाक खरा असेल तर ओढ लाजिरवाणी वाटू लागते; ओढ वाढवायला जावे तर धाक लुटुपुटीचा ठरतो. नवे लेखक यावर उपाय म्हणून नायकाचा रंग कमीजास्त काळा करत बसतात. माझ्या मते तो प्रश्न दुय्यम आहे. नायिकेची इच्छा, म्हणजे तिला काय हवे आहे, काय नको आहे आणि ती काय ठरवते आहे, हे पानापानावर जिवंत ठेवणे हेच या प्रकारातले खरे काम आहे आणि बहुतेक कथा तिथेच कोसळतात.

याचे सर्वांत बोलके उदाहरण अठराव्या शतकातले आहे. लंडनमधले एक मुद्रक सॅम्युएल रिचर्डसन यांनी 1747 आणि 1748 या वर्षांत ‘क्लॅरिसा’ ही पत्ररूप कादंबरी सात खंडांत प्रसिद्ध केली. क्लॅरिसा ही सधन घरातली तरुणी. घरचे तिच्या गळ्यात नावडते स्थळ बांधू पाहतात. लव्हलेस नावाचा देखणा, बुद्धिमान, घरंदाज पुरुष या पेचाचा फायदा घेऊन तिला फसवून घराबाहेर काढतो, लंडनमध्ये सभ्य बिऱ्हाड म्हणून प्रत्यक्षात एका कुंटणखान्यात नेऊन ठेवतो आणि सगळे डाव फसल्यावर तिला गुंगीचे औषध देऊन तिच्यावर बलात्कार करतो. नंतर तो लग्नाला तयार होतो, त्याच्या घरचेही गळ घालतात; पण ती ठाम नकार देते. अखेर ती मरते आणि तिच्या चुलतभावाबरोबरच्या द्वंद्वात लव्हलेसही मारला जातो. आजच्या अर्थाने ही प्रेमकथा नव्हे, पण डार्क रोमान्स लिहिणाऱ्याला पडणारा जवळजवळ प्रत्येक प्रश्न या कादंबरीत उभा आहे.

खंड एकापाठोपाठ एक बाहेर पडत असताना वाचकांची पत्रे रिचर्डसनकडे येऊ लागली. लव्हलेस सुधारावा, दोघांचे लग्न व्हावे, शेवट गोड व्हावा, अशी त्यांची विनवणी होती; उमराव घराण्यातल्या एका बाईंनी तर टोपणनावाने लिहून त्यांच्याकडे हट्टच धरला. रिचर्डसन बधले नाहीत. उलट 1749 आणि 1751 च्या आवृत्त्यांत त्यांनी लव्हलेसचा निर्दयपणा अधिक ठळक करणारा मजकूर आणि टिपा घातल्या. लेखकाला आपलाच खलपुरुष छापखान्यात परत नेऊन काळा करावा लागला, याचे कारण उघड होते. कादंबरीतली सर्वांत चटकदार पत्रे लव्हलेसची आहेत. त्यांत नाटक आहे, विनोद आहे, स्वतःच्या हुशारीवर खूश झालेल्या माणसाची लय आहे. आणि ज्याची भाषा सरस, त्याच्या बाजूला वाचक नकळत सरकतो.

म्हणूनच नायकाच्या तोंडून प्रथमपुरुषी निवेदन करणे हा या प्रकारातला सर्वांत मोहक आणि सर्वांत धोक्याचा मार्ग आहे. लेखकाला निवेदकाची भूल वाचकावर घालायची असते आणि त्याच वेळी निवेदक स्वतःलाच कुठे फसवतो आहे, हेही दिसू द्यायचे असते. त्यासाठी कंसात उपदेश करण्याची गरज नाही. निवेदक लिहितो, की तिने दार लावून घेतले नाही, म्हणजे मी थांबावे असे तिला वाटत होते. पण त्याच्या जरा अलीकडे, तिची बोटे थरथरत होती आणि कडी दोनदा निसटली, हे त्याच निवेदकाकडून सहज जाता जाता वदवून घेतलेले असेल, तर वाचकाला निवेदकापेक्षा अधिक कळते. पाहिलेला तपशील खरा आणि त्याचा लावलेला अर्थ खोटा, ही फट सांभाळता आली की पात्राचा आवाज आणि लेखकाचा निवाडा वेगळे राहतात. ती नाहीशी झाली, की लेखक नायकाचा वकील होऊन बसतो.

रिचर्डसन यांनी आणखी एक सोय केली होती. लव्हलेस आपली पत्रे बेलफर्ड या मित्राला लिहितो. बेलफर्ड सुरुवातीला त्याच्याच संगतीतला असतो, पण हळूहळू अस्वस्थ होतो, वाद घालतो, क्लॅरिसाची बाजू मांडतो आणि शेवटी तिच्या मृत्युपत्राची जबाबदारी घेतो. त्यामुळे लव्हलेसचे प्रत्येक पत्र आपण एका साशंक माणसाच्या कानांनी ऐकतो. आजच्या कथांत नायकाला मित्र असतो, पण तो बहुधा गाडी काढणारा, पिस्तूल पुरवणारा आणि साहेबांच्या मनाचा मोठेपणा वाचकाला पटवून देणारा होयबा असतो. या एका पात्राला मत दिले, तर निम्मे काम होईल.

नायकाच्या दुखऱ्या बालपणाबद्दलही बोलले पाहिजे. बाप मारकुटा होता, आई सोडून गेली, म्हणून आज तो असा आहे, हे समीकरण इतके वापरले गेले आहे की ते वाचताना मला लेखकाचा आळसच दिसतो. तारुण्यात एका खानदानी स्त्रीने आपल्याला झिडकारले, म्हणून आपण समस्त स्त्रीजातीवर सूड उगवतो, असे लव्हलेसही सांगतो. मात्र ते तो स्वतः सांगतो, स्वतःच्या समर्थनासाठी सांगतो, आणि रिचर्डसन त्यावर आपली मोहोर उठवत नाहीत. भूतकाळ द्यायला हरकत नाही, पण तो कारण म्हणून येतो आहे की सबब म्हणून, हे लेखकाला ठाऊक हवे आणि नायिकेला त्यातले काय पटते, हे तिच्या कृतीतून कळायला हवे.

आता प्रत्यक्ष प्रसंग. क्लॅरिसावरील अत्याचाराचे वर्णन कादंबरीत त्या क्षणी नाही. इतके दिवस लांबलचक पत्रे लिहिणाऱ्या लव्हलेसचे दोन-तीन ओळींचे एक पत्र येते: आता पुढे लिहवत नाही, प्रकरण संपले, क्लॅरिसा जिवंत आहे. शब्दांचा हा उधळ्या एकदम मुका होतो आणि वाचकाला धक्का बसतो तो त्या मुकेपणाचा. त्यानंतर येतात तिने भ्रमिष्ट अवस्थेत लिहून फाडून टाकलेले कागद, आणि त्यांतल्या एका पानावर ओळी तिरप्याआडव्या छापलेल्या आहेत. मुद्रकालाच सुचावे असे हे आहे. प्रसंग किती उघडा लिहावा याचे मोजमाप सभ्यतेच्या पट्टीने करण्यापेक्षा, त्या वर्णनात अनुभव कोणाचा आहे, हे विचारावे. वर्णनभर तिचे शरीर दिसत राहिले आणि तिचे मन गायब झाले, तर तो प्रसंग तिथेच फसला.

मन आणि शरीर यांच्याबाबत एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. भीतीने छाती धडधडते, ओढीनेही धडधडते. तळहाताला घाम दोन्हींत सुटतो, घसा दोन्हींत कोरडा पडतो. पुष्कळ लेखक या साम्याचा आडोसा घेतात आणि शरीराच्या खुणांनाच होकार मानून पुढे जातात. शरीर काय करते आहे हे लिहिल्यावर तिला त्याचा काय अर्थ वाटतो, तिला तो आवडतो का, तिला त्याचा संताप येतो का, हे लिहिल्याशिवाय ती व्यक्ती होत नाही. ज्या कथांत दोन सज्ञान माणसे आपापल्या मर्यादा बोलून ठरवतात आणि त्या चौकटीत धोक्याशी खेळतात, तिथे ते बोलणे उरकून टाकण्याची घाई होते. खरे तर ताण त्याच संवादात असतो, कारण आपल्याला काय हवे आहे हे मोठ्याने सांगण्याइतके जोखमीचे दुसरे काही नसते. आणि जिथे सरळसरळ जबरदस्ती आहे, तिथे तिला खेळाचे कपडे चढवू नयेत. या दोन जाती वेगळ्या आहेत आणि आपण कोणती लिहितो आहोत, हे लेखकाने पहिल्या ओळीपूर्वी ठरवलेले असावे.

मराठीत लिहिताना भाषेचा प्रश्न वेगळाच उभा राहतो. शृंगाराच्या प्रसंगी आपल्या हाती एकतर संस्कृतप्रचुर, वैद्यकीय वाटणारे शब्द असतात किंवा थेट शिव्या. मधली, घरात बोलता येईल अशी भाषा लेखकाला स्वतःच घडवावी लागते. मात्र आपल्याकडे एक साधन असे आहे, जे आजच्या इंग्रजीत नाही. कोण कोणाला ‘तू’ म्हणतो, कोण ‘तुम्ही’वर अडून बसते आणि कोणत्या रात्री ती आपणहून ‘अहो’ सोडते, यातून सत्तेचा सगळा हिशेब एका क्रियापदात मांडता येतो. नोकरी करणारी नायिका आपल्या मालकाला विसाव्या भागात पहिल्यांदा एकेरीत सुनावते, तेव्हा लेखकाला वेगळे वर्णन करावे लागत नाही.

शेवटाची अडचण सर्वांत मोठी. प्रेमकथा म्हटली की वाचकाला आश्वासक शेवट हवा असतो, आणि इतके सगळे घडल्यावर तो प्रामाणिक कसा वाटावा? नायकाने एका प्रकरणात रडून माफी मागितली, की झाले, असे होत नाही. 1847 मध्ये शार्लट ब्रॉंटे यांनी ‘जेन एअर’मध्ये जो मार्ग काढला, तो मला अजूनही सर्वांत समंजस वाटतो. कादंबरीचा नायक रॉचेस्टर पहिली बायको जिवंत असल्याचे लपवून नायिका जेनशी लग्न करायला निघतो. ते उघड होताच जेन त्याला सोडून निघून जाते, जवळ जवळजवळ काही नसताना. ती परत येते तेव्हा काकाच्या वीस हजार पौंडांच्या वारशाचे चार वाटे करून आपल्या वाट्याचे पाच हजार तिने राखलेले असतात, तिला नातलग मिळालेले असतात, आणि तो आगीत दृष्टी आणि एक हात गमावून बसलेला असतो. म्हणजे लेखिकेने त्याच्या पश्चात्तापावर विसंबून न राहता दोघांमधली सत्तेची मांडणीच बदलली. तिला जाता येत होते, ती गेली होती आणि आता ती स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या पायांनी आली आहे. नायिकेला दार उघडे असताना राहू द्या, असे मी नवोदितांना सांगते. पण त्यासाठी ते दार कथेत आधी खरोखर उघडावे लागते.

कायद्याबद्दल थोडक्यात. चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’ मासिकाच्या 1962 च्या दिवाळी अंकात आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. उच्च न्यायालयाने दोषी ठरवलेल्या लेखकाची 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुटका केली. कामविषयाचा नुसता उल्लेख अश्लील मानायचा, तर धार्मिक पुस्तकांखेरीज काही विकताच येणार नाही, अशा आशयाचे निरीक्षण त्या निकालात आहे. आपल्या प्रौढ लेखनामागे हा इतिहास आहे, हे ठाऊक असावे.

कथेच्या आरंभी पूर्वसूचना द्यावी का, यावर लेखक नाराज असतात, रहस्य फुटते म्हणतात. अपहरण, हिंसा, लैंगिक जबरदस्ती असे विषय नावानिशी सांगितल्याने कथानक फुटत नाही. ज्याला तो विषय सोसवत नाही, त्याला वेळीच बाजूला होता येते, आणि जो राहतो तो आपल्या मर्जीने राहतो. मात्र पूर्वसूचना दिली म्हणजे पुढे काहीही लिहायला मोकळीक मिळाली, हा समज चुकीचा आहे.

भागाभागांनी लिहिणाऱ्यांची गोची निराळी आहे. प्रत्येक भाग ‘क्रमशः’वर टांगता ठेवायचा, म्हणून नायक दर वेळी आधीपेक्षा क्रूर होतो आणि दहाव्या भागापर्यंत त्याच्याकडे प्रेमाने पाहण्याची जागाच उरत नाही. भाग संपवण्यासाठी तिच्यापुढचा पर्याय बदलला तरी पुरते: कालपर्यंत तिच्याकडे फोन नव्हता, आज तो टेबलावर आहे आणि नायक खोलीत नाही, ती कोणाला लावते, की लावतच नाही, आणि का लावत नाही, यावर पुढचा भाग बेतता येतो, आणि तो लिहिण्यासाठी लेखकाला नायकाची नव्हे, तिची ओळख लागते.

नमस्कार.