बॉर्डरवरची साखर आणि रक्तातली गुठळी

नमस्कार. तलावपाळीला रोज फेऱ्या मारणारी बरीच मंडळी समोर दिसताहेत, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. ‘डॉक्टर, शुगर नाही हो, नुसती बॉर्डरवर आहे,’ हे मी ठाण्यात सतत ऐकतो. उपाशीपोटी 100 ते 125, किंवा एचबीए1सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी, 5.7 ते 6.4. माणूस रिपोर्ट फाइलला लावतो आणि पुढच्या वर्षी बघू म्हणतो. मला याची फार काळजी वाटते, कारण या रिपोर्टमध्ये न दिसणारा एक बदल तोवर रक्तात सुरू झालेला असू शकतो.

रक्त गोठवणारी यंत्रणा शरीरात असते, तशी गुठळी विरघळवणारीही असते. टीपीए नावाचं प्रथिन प्लाझ्मिन तयार करवतं आणि प्लाझ्मिन गुठळीचं जाळं तोडतं. या टीपीएला अडवतं पीएआय-1 नावाचं दुसरं प्रथिन. पोटाच्या आतली चरबी वाढली, शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं, की हे पीएआय-1 वाढतं. सोबत फायब्रिनोजेन, म्हणजे गुठळीचं जाळं ज्यापासून बनतं ते प्रथिन, वाढतं आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशी लवकर चिकटायला लागतात. म्हणजे गुठळी होणं सोपं आणि विरघळणं अवघड. त्यातून पीएआय-1 सकाळच्या वेळी सर्वांत जास्त असतं. हार्ट अटॅक सकाळी जास्त येतात, त्यामागे हेही एक कारण मानतात.

म्हणून वजनकाट्याइतकाच शिंप्याचा टेप महत्त्वाचा. पुरुषांची कंबर 90 सेंटिमीटरच्या आत हवी, बायकांची 80 च्या. पँटच्या नंबरावर जाऊ नका. ती आपण पोटाखाली बांधतो. श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा.

आता दिलासा. अमेरिकेतल्या 2002 च्या मोठ्या अभ्यासात अशाच बॉर्डरवरच्या लोकांना दोनच उद्दिष्टं दिली होती: वजन 7 टक्के उतरवायचं आणि आठवड्याला 150 मिनिटं चालायचं. मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं, आणि त्यांचं फायब्रिनोजेनही थोडं उतरलं. फिनलंडमध्ये अशाच बदलांनी पीएआय-1 खाली आलं. अर्थात रक्तातला आकडा सुधारला म्हणजे अटॅक टळलाच, असं नाही. पण चीनमधल्या दाचिंगमध्ये 1986 साली आहार-व्यायाम सुरू केलेल्यांचा 30 वर्षं पाठपुरावा झाला. त्यांच्यात हृदयविकार आणि पक्षाघाताच्या घटना 26 टक्क्यांनी कमी निघाल्या.

80 किलोच्या माणसाचे 7 टक्के म्हणजे साडेपाच-पावणेसहा किलो. अशक्य नाही. ऐरोलीच्या ऑफिसात दिवसभर खुर्ची, मग ट्रेन, मग शेअर रिक्षा, रात्री साडेदहाला भात आणि लगेच अंथरूण, असा ज्यांचा दिवस आहे त्यांनी जेवल्यावर पंधरा मिनिटं सोसायटीतच चाला. चालणारा स्नायू इन्सुलिनशिवायही साखर ओढून घेतो. ऑफिसात अर्ध्या-पाऊण तासाने उठा. भात पानात राहू दे, पण निम्मा, आणि उसळ दुप्पट. तंबाखू मात्र, ओढायची असो वा चघळायची, पूर्ण बंद.

आणि हे ऐकून घरी जाताना ॲस्पिरिन घेऊन जाऊ नका. मनाने घेतली तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. एकच पोटरी सुजून दुखायला लागली, किंवा अचानक धाप लागली, छातीत दुखलं, तर चालायला जाऊ नका, थेट हॉस्पिटल गाठा.