आधी उजेड, मग माणूस

श्रोतेहो, नमस्कार. कॅमेरा घेऊन परक्या गावाच्या रस्त्यावर उतरलेला प्रवासी बहुधा आधी विषय शोधतो आणि तो सापडल्यावर प्रकाशाचा विचार करू लागतो. तोवर समोरचा माणूस निघून गेलेला असतो. हा क्रम उलटा असावा, असे माझे ठाम मत आहे.

कॅमेऱ्यातला मीटर वस्तूवर पडणारा प्रकाश मोजत नाही, तर वस्तूवरून परावर्तित होऊन भिंगात शिरणारा प्रकाश मोजतो. समोरचे दृश्य सरासरीने मधल्या करड्या छटेचे, म्हणजे रूढ हिशेबाने १८ टक्के प्रकाश परावर्तित करणारे आहे, असे तो मुळात धरून चालतो. त्यामुळे आपल्या सोलापुरात संक्रांतीच्या गड्डा यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीत पांढऱ्याशुभ्र बाराबंदीतल्या भक्तांनी चौकट भरली, की हाच मीटर ते कापड मळकट करून टाकतो. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरने ठरवलेला प्रकाश कमी-जास्त करण्याची कॅमेऱ्यातली सोय, एक ते दीड स्टॉप वाढवावे (एक स्टॉप वाढवणे म्हणजे प्रकाश दुप्पट करणे) आणि कापडाचा उजळ भाग पूर्ण पांढरा तर झाला नाही ना, हे हिस्टोग्रामवर, म्हणजे चित्रातल्या उजळ-गडद छटांच्या आलेखावर तपासावे, कारण डिजिटल चित्रात पूर्ण पांढरा झालेला भाग मागाहून परत मिळत नाही.

याच्या नेमके उलट आपल्या शहराच्या पूर्व भागात घडते. उंबऱ्याशी बसलेल्या मावशींच्या मांडीवर सूप असते, सुपात तेंदूची कापलेली पाने आणि तंबाखू, आणि बोटे न थांबता विड्या वळत असतात. चेहऱ्यावर रस्त्याचा उजेड असतो, पाठीमागे खोलीतला काळोख. मीटर तो काळोख उजळायला जातो आणि चेहरा पांढराफटक होतो. स्पॉट मीटरिंगने, म्हणजे चौकटीतल्या लहानशा भागाचाच प्रकाश मोजून, चेहऱ्यापुरते मोजता येते, हे खरे. परंतु कुणावर पुन्हापुन्हा कॅमेरा रोखणे मला प्रशस्त वाटत नाही. त्यापेक्षा तशाच उजेडात स्वतःचा तळहात धरून त्यावर मोजावे. तळहात करड्या छटेहून सुमारे एक स्टॉप उजळ असतो, म्हणून एक स्टॉप वाढवून ते आकडे मॅन्युअलवर, म्हणजे कॅमेरा स्वतःहून बदलणार नाही अशा पद्धतीवर, पक्के करावेत, मग कॅमेरा खाली घेऊन "मावशी, एक फोटो काढू का?" असे विचारावे, आणि नकार आला तर नमस्कार करून पुढे निघावे.

भर दुपारच्या निरभ्र उन्हासाठी जुना नियम आजही उपयोगी पडतो: अ‍ॅपर्चर, म्हणजे भिंगाचे छिद्र (आकडा लहान तितके छिद्र मोठे), एफ १६ असताना शटर उघडे राहण्याचा काळ आयएसओच्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रकाश-संवेदनशीलतेच्या आकड्याने सेकंदाला भागून येईल साधारण तितका ठेवावा. आयएसओ १०० असेल तर सेकंदाचा १२५ वा भाग. चालती माणसे टिपायची असतील तर त्याच हिशेबाने एफ ८ आणि ५०० वा भाग. एवढे ठरले की मीटरकडे पाहण्याची गरज उरत नाही आणि सगळे लक्ष रस्त्यावर देता येते.

विषय शोधण्यासाठी गावभर वणवण करू नये. ऊन आणि सावली जिथे एकमेकांना कापतात, असे एक ठिकाण निवडून तिथे पाय रोवून उभे राहावे. चादरींचा गठ्ठा सायकलवर लादून जाणारे काका सावलीतून त्या उन्हाच्या पट्ट्यात येतील, तेव्हा आपले आकडे तयार असतील. त्यांच्यामागोमाग गल्लीच्या सावलीत शिरायचे झाल्यास तिथला उजेड साधारण तीन-चार स्टॉपने कमी असतो. अ‍ॅपर्चर व शटर तसेच ठेवून आयएसओ ८०० ते १६०० करावा, आणि वेळ मिळताच तळहातावर पुन्हा एकदा मोजून घ्यावे.