मागण्यातून जुळणारी माणसे

मित्रहो, माणसे दुरावली याचा दोष आपण सरसकट मोबाइलला देतो. माझे मत थोडे वेगळे आहे. दुरावा त्याच्या आधीच सुरू झाला. शेजारी मागायच्या वस्तू आपण विकत आणू लागलो, तेव्हा एकमेकांच्या दारात जायचे कारणच उरले नाही. मोबाइलने त्याला वेग दिला.

2016 साली यूपीआय आले आणि पोसरकाराची, म्हणजे वाड्यावरच्या किराणा दुकानदाराची, उधारीची वही मिटत चालली. उधारीत अपमान गिळावे लागत, तिचे गोडवे मी गाणार नाही. पण वहीत नाव असले की कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाचा पगार थकला आहे, हे त्या माणसाला कळत असे. घरपोच सामान आणणाऱ्या मुलाचे नावही आपण विचारत नाही.

बरे, वाचलेला वेळ जातो कुठे? माहिती वाढली की लक्ष तुटपुंजे पडते, हे अमेरिकन अर्थतज्ज्ञ हर्बर्ट सायमन यांनी 1971 मध्येच मांडले होते. आज त्याच लक्षाचा व्यापार चालतो. 2006 मध्ये संगणकाच्या पडद्याची रचना करणारे आझा रास्किन यांनी न संपणाऱ्या स्क्रोलची रचना केली. पान संपले की हात थांबायचा, तो थांबाच गेला. पुढे त्यांनी स्वतः याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. आपण जितका वेळ खिळून राहू, तितक्या जाहिराती आपल्यासमोर येतात.

तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरीला असलेला मुलगा बोटीवरून घरची आरती बघतो, तेव्हा मात्र हाच फोन मला मोलाचा वाटतो. तिथे नाते आधीच घट्ट असते, फोन ते पोहोचवतो.

आता गोव्यातली चवथीची माटोळी पाहा, म्हणजे गणपतीच्या वर फळे बांधून टांगलेली चौकट. सुपारीचे शिपटे म्हणजे घोस, नारळाची पेंड म्हणजे घड, तोरिंगे, आंबाडे, शिवाय कांगलां, घागऱ्या ही रानफळे. एकाच घरच्या कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, हे सगळे क्वचितच मिळे. शिपटे एकाकडचे, तोरिंग दुसऱ्याकडचे, आणि रानातल्या फळांसाठी डोंगर पायाखाली असलेला माणूस गाठावा लागे. वर्षभर अबोला असला तरी चवथीआधी बोलणे भाग पडे. आज फोंड्याच्या, म्हापशाच्या बाजारात सारे मिळते. ते विकणाऱ्या बायकांच्या हाती चार पैसे पडतात, याचा मला आनंदच आहे. त्यांच्याकडून जरूर घ्या, आणि घेताना हे कुठल्या रानातले, तेही विचारा. पण एखादी वस्तू तरी वाड्यावर मागून आणा. मुलांना सोबत न्या. मागायचे त्यांना करू द्या, आणि त्या घराला काय हवे आहे, तेही त्यांनाच विचारू द्या.